ई-कचरा मोडायच्या आधी एकदा बघू तरी द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात आमच्या डोंबिवलीतल्या ई-कचरा संकलन मोहिमेची बातमी आली होती, सोबत मोठा रंगीत फोटो, कार्यकर्ते टेम्पोसमोर उभे आणि मागे मॉनिटर-कीबोर्डांचा ढीग. मोहीम चांगलीच आहे, सुट्टीच्या दिवशी उन्हात उभं राहून लोकांच्या घरातल्या वायरी गोळा करणाऱ्या पोरांना नावं ठेवायला हे पत्र नाही. पण त्या फोटोत डाव्या कोपऱ्यात एका मिक्सरच्या खाली एक क्रीम रंगाचा चपटा डबा दिसतोय, काळ्या कीज आणि त्यांच्यावर लालसर केशरी कीजची एक रांग. ज्याला माहितीय त्याला लांबूनच कळतं, बीबीसी मायक्रो. तरी खात्री करायला भिंग घेऊन बघितलं, तोच. आणि बातमीत शेवटी लिहिलंय की जमा झालेला सगळा माल त्याच संध्याकाळी वजन करून रवाना झाला.

आता कोणी म्हणेल चाळीस वर्षांचा जुना डबा, गेला तर गेला, घरात धूळ खात पडला होता. तर हा डबा काय होता ते थोडं सांगतो. १९८१ साली केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बीबीसीच्या कम्प्युटर साक्षरता मोहिमेसाठी हे मशीन काढलं, ३२ केबी मेमरी, २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर, चालू केलं की सरळ बेसिक ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत. आपल्याकडे केंद्र सरकारने १९८४-८५ मध्ये 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, पहिल्या टप्प्यात देशातल्या अडीचशेच्या आसपास शाळा घेतल्या आणि त्या शाळांमध्ये हेच मशीन दिलं. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते लायसन्सवर 'युनिकॉर्न' नावाने इथेच बनवलं. चपला बाहेर काढून, गारठलेल्या एसी रूममध्ये, एका मशीनसमोर चार-चार जणांनी बसून जो पहिला कम्प्युटर आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी बघितला तो हा. आणि एवढंच नाही, एकॉर्नमधल्याच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एआरएम प्रोसेसर डिझाइन केला, १९८५ च्या एप्रिलमध्ये पहिली एआरएम चिप चालू झाली ती ह्याच बीबीसी मायक्रोला जोडून. आज ज्या मोबाइलवर लोक हा पेपर वाचतात त्यातला प्रोसेसर त्याच घराण्यातला. म्हणजे टेम्पोत मिक्सरखाली जे गेलं ते काय होतं बघा.

मी स्वतः जुने कम्प्युटर आणि टीव्ही गेम जमवतो, दुरुस्त करतो, कधी कोणाशी अदलाबदल करतो. धंदा नाही, छंद म्हणा नाहीतर खूळ म्हणा (घरी दुसरा शब्द वापरतात). ओएलएक्स, लॅमिंग्टन रोडच्या गल्ल्या, चोरबाजार, पुण्याला गेलो तर रविवारचा जुना बाजार, अशा ठिकाणी फिरणारे आमच्यासारखे लोक बरेच आहेत आणि सगळे चष्मेवाले पन्नाशीचे नाहीत, कॉलेजातली पोरंपण आहेत ज्यांचा जन्मच विंडोज एक्सपीनंतरचा. त्यांना मशीन उघडून बघता येतं म्हणून आवडतं. आत्ताचा लॅपटॉप उघडला तर बऱ्याचदा रॅमसुद्धा बोर्डावर सोल्डर केलेली असते, हात लावायला काही उरलेलंच नसतं, उलट त्या काळच्या मशीनमध्ये बऱ्याच आयसी, म्हणजे चिप, सॉकेटमध्ये बसवलेल्या, नंबर वाचा, डेटाशीट काढा, मल्टीमीटर लावा, कळतं काय बिघडलंय.

टीव्ही गेमचंच घ्या. नव्वदीत समुराई, मीडिया, मायक्रो जिनियस अशा नावांचे जे गेम घरोघरी आले, पिवळी कॅसेट खोचायची आणि टीव्हीला लावायचं, ते सगळे निन्टेन्डोच्या १९८३ च्या फॅमिकॉमच्या नकला. आणि फॅमिकॉमच्या आत प्रोसेसर कोणता? ६५०२ चाच भाऊ. म्हणजे शाळेत ज्याच्यासमोर चपला काढून बसायचं आणि घरी ज्याच्यासाठी आईच्या शिव्या खायच्या, दोन्हीचा मेंदू एकाच जातीचा होता. 'कॉन्ट्रा' गेममध्ये तीस लाइफ मिळायला वर वर खाली खाली डावी उजवी डावी उजवी करून दाबायचं हे ज्या पोराला वर्गातल्या दुसऱ्या पोराने सांगितलं त्याला आजपण झोपेतून उठवून विचारा, बोटं आपोआप चालतात.

ह्या गेमसोबत बदकं मारायची बंदूक यायची. आता बरेच जण माळ्यावरून ती काढतात, नव्या एलईडी टीव्हीला लावतात, एकही बदक पडत नाही, मग 'खराब झालीय' म्हणून भंगारात देतात. बंदूक खराब नसते हो. ती काही फेकत नाही, ती फक्त बघते. चाप ओढला की गेम एक क्षण सगळा स्क्रीन काळा करतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो, बंदुकीतला सेन्सर तेवढ्या क्षणात उजेड दिसला का बघतो, दिसला तर बदक पडलं. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीच्या वेगाच्या हिशोबाने बांधलेलं. नवा टीव्ही चित्र दाखवायच्या आधी त्यावर प्रक्रिया करत बसतो, चौकोन उशिरा येतो, तोपर्यंत बंदुकीने बघून झालेलं असतं. तोच गेम आणि तीच बंदूक डबा टीव्हीला जोडा, बदकं पटापट पडतात. म्हणून जुना डबा टीव्ही हापण आमच्या दृष्टीने माल आहे, आणि लोक तो फुकटातपण न्या म्हणतात कारण रद्दीवाला घेत नाही.

हां, कॅसेटमध्ये फुंकर मारायची सवय मात्र सोडा. फुंकर मारून गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून परत नीट बसली म्हणून, फुंकरीतल्या ओलाव्याने फक्त पिना गंजतात. कॉटन बडवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिना पुसा, काळं निघतं ते बघून स्वतःलाच आश्चर्य वाटेल.

पैशाबद्दल लोक हमखास विचारतात, 'किती मिळतील?' २०२१ मध्ये अमेरिकेत सुपर मारिओ ६४ ची सीलबंद कॅसेट १५ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेली, ती बातमी इथल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली आणि तेव्हापासून ओएलएक्सवर प्रत्येकाचा फुटका टीव्ही गेम 'अँटिक, रेअर, फक्त जाणकारांनी कॉल करा'. बाबांनो, तो सीलबंद, ग्रेडिंग केलेला ओरिजिनल माल होता आणि तो बाजारही मला स्वतःला संशयास्पद वाटतो. आपल्या 'नाइन नाइन नाइन इन वन'च्या कॅसेटची किंमत तेवढी होणार नाही, तिच्यात गेमपण खरे मोजून थोडेच असतात, बाकी त्यांचीच नावं परत परत. हा हव्यास आणि किलोवारी भंगार, दोन्हीमुळे मशीन लोकांच्या हातात येत नाही, एकाच्या कपाटात काचेत जातं आणि दुसऱ्याच्या भट्टीत.

पण हे पत्र मी टीव्ही गेमसाठी लिहीत नाहीये. गेम जगात कोणीतरी जपतंय. तिथेपण फार बरी परिस्थिती नाही, २०२३ मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने केलेल्या पाहणीत अमेरिकेत निघालेल्या जुन्या गेमपैकी ८७ टक्के आता बाजारात मिळतच नाहीत असं निघालं, पण निदान कोणीतरी मोजलं. मला काळजी आहे ती आपल्या मराठीची, आणि इथे जरा नीट वाचा.

युनिकोड, म्हणजे आज सगळीकडे चालणारं अक्षरांचं एकच कोडिंग, घरोघरी यायच्या आधी, म्हणजे ढोबळ मानाने १९८८ पासून ते २००० नंतर काही वर्षं, कम्प्युटरवर मराठी कशी लिहायचे? आधी जिस्ट कार्ड होतं. आयआयटी कानपूरमध्ये काम सुरू झालं आणि पुढे पुण्याच्या सीडॅक ह्या सरकारी संस्थेने ते वाढवलं. हे खरंखुरं कार्ड, कम्प्युटर उघडून मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये खोचायचं, मग डॉसवर मजकूर लिहायच्या वर्डस्टारमध्ये, नोंदी ठेवायच्या डीबेसमध्ये देवनागरी दिसायची. अक्षरं साठवायला इस्की नावाचं कोडिंग, त्याचं भारतीय मानक १९९१ साली ठरलं. नंतर विंडोज आलं तशी श्रीलिपी, आकृती वगैरे फॉन्टची पॅकेजेस आली आणि प्रत्येकाचं कोडिंग वेगळं, एकाची फाइल दुसऱ्याकडे उघडली की नुसता कचरा दिसायचा. छापखाने, डीटीपीवाले, जिल्ह्याच्या गावची साप्ताहिकं, दिवाळी अंक, विद्यापीठातले प्रबंध, पतपेढ्यांचे अहवाल, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, सगळं ह्या फाइलींमध्ये टाइप झालं आणि फ्लॉपीवर गेलं. त्यातलं बरंचसं छापलं गेलं, पण सगळं नाही. कवितांची हस्तलिखितं टाइप करून ठेवलेली, लोककथा गोळा करून टाइप केलेल्या, बोलीभाषांचे शब्दसंग्रह, जे पैशाअभावी छापायचे राहिले ते फक्त फ्लॉपीवर.

आणि फ्लॉपी आपल्या हवेत किती टिकते? कोकणपट्टीतला चार महिन्यांचा पाऊस, बंद कपाट, तळाशी ठेवलेली डबी. साडेतीन इंची फ्लॉपीची पत्र्याची सरकपट्टी बोटाने बाजूला करा, मागची गोल चकती हळूच फिरवा आणि ट्यूबलाइटखाली तिरकी धरून बघा. चांगली असेल तर काळसर तपकिरी, आरशासारखी सपाट दिसते. बुरशी लागली असेल तर पांढुरके ठिपके, कधी कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी. अशी फ्लॉपी उत्साहाने ड्राइव्हमध्ये घातली की संपलं, ड्राइव्हचं वाचणारं हेड त्या बुरशीवरून घासत जातं, ऑक्साइडचा थर खरवडून निघतो, आणि तीच घाण हेडला चिकटून पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा ओरखडली जाते. आधी अल्कोहोलने पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, मगच वाचायची, प्रत्येक फ्लॉपीनंतर हेड साफ करायचं. बाजारात मिळणारा यूएसबीचा स्वस्त ड्राइव्ह बऱ्याचदा चकतीवरचा एक तुकडा (सेक्टर) खराब आला की हात वर करतो, आणि सव्वापाच इंचीची तर त्यात सोयच नाही. त्यासाठी जुना ड्राइव्ह लागतो, पट्टीची केबल लागते, आणि एकतर जुना पीसी नाहीतर ग्रीसवीझलसारखा छोटा बोर्ड, जो चकतीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे टिपून घेतो आणि मग निवांत सॉफ्टवेअरने त्यातून फाइल काढता येते. एकदा बाइट हातात आले की पुढचं काम होण्यासारखं आहे. युनिकोडमधली देवनागरीची मांडणीच इस्कीवरून घेतलेली आहे त्यामुळे इस्कीची फाइल बदलणं सोपं, नावाजलेल्या फॉन्टचेही कन्व्हर्टर मिळतात. अडतं ते पहिल्याच पायरीवर, म्हणजे चालू ड्राइव्ह, चालू मशीन आणि एखाद्या विचित्र फाइलसाठी खुद्द ते कार्ड. आणि नेमक्या ह्याच तीन वस्तू आपण टेम्पोत भरून देतोय.

बरं, फ्लॉपी ड्राइव्ह फक्त आमच्यासारख्या खुळ्यांना लागतो असंही नाही. सोनीने फ्लॉपी बनवणं २०११ मध्ये बंद केलं, जपानच्या सरकारने फ्लॉपीवरच कागदपत्रं द्या म्हणणारे नियम काढून टाकायला २०२४ उजाडलं, आणि आपल्या एमआयडीसींमध्ये आजपण अशा सीएनसी आणि एम्ब्रॉयडरी मशीन चालू आहेत ज्यांना प्रोग्रॅम फ्लॉपीवरूनच भरावा लागतो. लॅमिंग्टन रोडला जुना ड्राइव्ह शोधणाऱ्यात एक मी असतो तर दुसरा हमखास कुठल्यातरी वर्कशॉपचा माणूस, कारण मशीन लाखोंचं आणि अडलंय ते ड्राइव्हसाठी.

आता सरकारी बाजू. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यात रिफर्बिशर म्हणजे दुरुस्त करून परत वापरात आणणारा असा वेगळा घटक धरलेला आहे. पण कंपन्यांना जी प्रमाणपत्रं लागतात ती शेवटी किती धातू निघाला ह्या हिशोबावर, त्यामुळे गाडी वजनकाट्याकडेच वळते. शाळा आणि ऑफिसांची तऱ्हा अजून वेगळी. एका शाळेच्या स्टोअररूममध्ये जुनी मशीन पडून आहेत असं कळलं म्हणून मी गेलो होतो, म्हटलं विकत द्या, नाहीतर दुरुस्त करून तुमच्याच पोरांसाठी मांडून देतो, एक पैसा नको. उत्तर मिळालं, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद आहे, कोणाला देता येत नाही. मग करणार काय? तर निर्लेखन करणार आणि भंगारात लिलाव. म्हणजे चालू करून द्यायला परवानगी नाही, मोडून द्यायला आहे. त्या क्लार्कचा दोष नाही, त्याच्या नोकरीचा प्रश्न आहे, रजिस्टरला 'मोडीत काढले' असा रकाना आहे आणि 'जपून ठेवले' असा नाही. शिक्षण विभागाला एका परिपत्रकाने हे करता येईल.

तिकडे इंग्लंडात ब्लेचली पार्कच्या आवारात नॅशनल म्युझियम ऑफ कम्प्युटिंग आहे, तिथे बीबीसी मायक्रोचा अख्खा वर्ग मांडून ठेवलाय, शाळेची पोरं येतात आणि बसून बेसिकमध्ये टाइप करतात, काच नाही, 'हात लावू नये'ची पाटी नाही. आपल्याकडे मुंबईत टीआयएफआर ह्या संशोधन संस्थेने १९६० साली स्वतःचा कम्प्युटर चालू केला, पुण्यात परम ८००० हा महासंगणक झाला, आणि आपण शाळेच्या स्टोअररूममधली मशीन किलोवर देतोय.

माझी मागणी फार मोठी नाही. संकलन मोहिमेच्या मांडवात एक टेबल जास्तीचं लावा. जे येईल ते आधी त्या टेबलावरून जाऊ द्या, दोन जाणकार बसवा, आम्ही फुकट बसू, चहासुद्धा आमचा आम्ही आणू. नव्वद टक्के माल पुढे टेम्पोतच जाणार आहे, फुटके चार्जर आणि मेलेले राउटर आम्हाला नकोच आहेत. पण जुनं मशीन, फ्लॉपी ड्राइव्ह, लांबलचक कार्डं, मराठीत काहीतरी लिहिलेल्या फ्लॉपीच्या डब्या बाजूला निघाल्या पाहिजेत. 'आमचा डेटा चोरीला जाईल' ही भीती रास्त आहे, तर हार्ड डिस्क काढून घरी ठेवा नाहीतर समोर भोक पाडून घ्या, हरकत नाही. बीबीसी मायक्रो किंवा त्याच काळच्या स्पेक्ट्रम कम्प्युटरमध्ये तर हार्ड डिस्कच नसते, बंद केलं की सगळं विसरतात ते.

आणि ज्यांच्याकडे असं काही माळ्यावर आहे त्यांना एक कळकळीची सूचना, कारण पत्र वाचून कोणीतरी उत्साहात आज रात्रीच प्लग लावेल. इतक्या वर्षांनी थेट चालू करू नका. बीबीसी मायक्रोच्या पॉवर सप्लायमध्ये पिवळसर पारदर्शक कवचाचे कॅपॅसिटर असतात, कवचाला वर्षानुवर्षांत बारीक भेगा जातात, आत दमटपणा शिरतो, आणि २३० व्होल्ट मिळाले की काही मिनिटांत फट् आवाज होऊन घरभर असा जाड, उग्र वासाचा धूर होतो की शेजारी बेल मारतात. मशीन बहुतेक वेळा त्यातूनही वाचतं, पण आधीच ते बदलून घेतले तर बरं, पार्ट किरकोळ किमतीचा आहे, एक्स-टू क्लासचा मागायचा. ३८६-४८६ च्या जुन्या पीसीच्या बोर्डावर निळी नाहीतर हिरवी गोल बॅटरी असेल तर ती आधी कापून काढा, ती गळून बोर्डाचे तांब्याचे ट्रॅक खाते, हिरवट पावडर दिसली तर व्हिनेगरने पुसा. डबा टीव्ही मात्र स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत जबरदस्त व्होल्टेज राहतं, आणि फुटलेली पिक्चर ट्यूब तर रद्दीवाल्याकडे नकोच, काचेत शिसं असतं, ती अधिकृत रिसायकलरकडेच जायला हवी. आणि पिवळं पडलेलं प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवलं की परत पांढरं होतं, आपल्याकडचं एप्रिलचं ऊन त्याला झकास आहे, फक्त हातमोजे घाला नाहीतर बोटंपण पांढरी होतील.

पत्र लांबलंय हे कळतंय. काटछाट करायची तर टीव्ही गेमचा भाग कापा, फ्लॉपीचा कापू नका.

आणि संपादक महाशय, शेवटचं तुमच्यासाठीच. नव्वदीत तुमच्या पेपरची पानंसुद्धा कुठल्यातरी मशीनवर, कुठल्यातरी फॉन्टमध्ये लागायची, पुरवण्यांचे लेख लेखकांकडून फ्लॉपीवर यायचे. त्या फ्लॉपी आणि तेव्हाचा एखादा पीसी ऑफिसच्या स्टोअरमध्ये अजून असेल तर पुढच्या भंगार लिलावाच्या आधी मला कळवा, पत्ता कार्यालयात दिलेला आहे, ड्राइव्ह आणि अल्कोहोल घेऊन येतो.

आपला,
एक वाचक, डोंबिवली (पूर्व)